तोकाईची 'ताई' कशी झाली?

कार्स्टवरची_चिमणी

लोकहो, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. विषय अपेयपानाचा आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागे वळावं, राग नाही.

आम्ही इटलीच्या पार उजव्या कोपऱ्यात, त्रिएस्तेला राहतो. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इथे भौतिकशास्त्राचं केंद्र काढलं, त्यामुळे या गावात आपल्याकडची माणसं अधूनमधून भेटतात. नवरा त्याच वाटेने आला, मी त्याच्या मागून. घरामागची टेकडी चढून उतरलं की स्लोव्हेनिया. पेट्रोल भरायला अर्धं गाव तिकडे जातं.

गेल्या रविवारी कोर्मोन्सला गेलो होतो. हे गाव गोरित्सियाजवळ, कोल्यो नावाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. त्या बाजूला रस्त्याकडेच्या खांबाला हिरवी फांदी बांधलेली दिसली की समजायचं, आत कुणीतरी शेतकरी स्वतःची वाईन आणि घरचं खाणं विकतोय. फांदीला म्हणतात फ्रास्का आणि त्या जागेलाही तेच. आमच्या त्रिएस्तेकडे अशा जागेला ओस्मित्सा म्हणतात. स्लोव्हेनियनमध्ये ओसेम म्हणजे आठ. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये शेतकऱ्यांना घरचा माल वर्षातून आठ दिवस विकायची मुभा दिली होती. पुढे दिवस वाढले, नाव आठावरच राहिलं.

तर त्या फ्रास्कात एका आजोबांनी पांढरी वाईन ओतली. मी सवयीने बाटली फिरवून लेबल वाचायला लागले. 'फ्रिउलानो' असं छापलेलं. आजोबांनी त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हे कोर्टाने लिहिलंय. ही तोकाई आहे."

मला गोष्ट अर्धवट माहीत होती. घरी येऊन नीट वाचली, म्हणून हा धागा.

फ्रिउली या प्रांतात पिढ्यान् पिढ्या ज्या द्राक्षाला 'तोकाई फ्रिउलानो' म्हणत, त्याची वाईन ही इथली रोजची वाईन. आल्यागेल्याला पुढे करायची, बारमध्ये उभ्याने प्यायची. फिकट पेंढ्याचा रंग, थोडी हिरवट झाक, वासाला पेअर आणि पांढरी फुलं, आंबटपणा बेताचा, आणि घोट गिळल्यावर अगदी शेवटी कडू बदाम. पहिल्यांदा प्यायले तेव्हा वाटलं बाटली बिघडलेली आहे. मूठभर शेंगदाण्यांत शेवटचा दाणा खवट निघतो ना, तसं काहीतरी. आता तो कडवटपणा नसला तर चुकल्यासारखं होतं. इथले लोक ती सान दानियेलेच्या हॅमबरोबर पितात. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला फ्रिको: किसलेला बटाटा आणि मोंतासियो चीज तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेलं. थालीपिठात पिठाऐवजी चीज घालून ते बांधलं तर जसं होईल तसं.

आता भानगड. हंगेरीत तोकाय नावाचा प्रदेश आहे, आणि तिथली गोड वाईन जगप्रसिद्ध. १९९३ मध्ये युरोपीय समुदाय आणि हंगेरी यांच्यात वाईनच्या नावांबद्दल करार झाला. त्यात ठरलं की इटालियनांनी हे नाव सोडायचं, मुदत ३१ मार्च २००७. इटलीवाले भांडले, हरले. मुदत संपल्यावर तोकाई फ्रिउलानोची नुसती 'फ्रिउलानो' झाली.

गंमत अशी की दोन्ही वाईनचा एकमेकींशी काही संबंध नाही. तिकडे मुख्य द्राक्ष फुर्मिंत, इकडचं वेगळंच. तिकडची गोड, इकडची कोरडी. गोंधळ व्हायचा तरी कुणाचा? आणि तरी मला हंगेरीचंही पटतं. तुमचं मत सांगा.

खवचट_खारीक

शीर्षक वाचून कौटुंबिक जिव्हाळ्याचा धागा समजून आलो. ताई कुठाय?

कार्स्टवरची_चिमणी

@खारीक, लिहायचं राहिलंच की! हेच द्राक्ष शेजारच्या व्हेनेतो प्रांतातही होतं. 'फ्रिउलानो' म्हणजे फ्रिउलीचा. व्हेनेतोवाले आपल्या वाईनला शेजाऱ्यांचं नाव कशाला देतील? त्यांनी तोकाईचा मधला तुकडा काढून टाकला आणि ठेवली 'ताई'. खरंच, लेबलवर 'ताई' लिहितात. विचेन्झाजवळ बेरिची टेकड्यांवर लाल रंगाची 'ताई रोस्सो'पण मिळते. पूर्वी ती 'तोकाई रोस्सो' होती आणि तिचं द्राक्ष तिसरंच, ग्रेनाश.

वर आणखी एक. फ्रिउलीच्या बोलीत वाईनच्या पेल्याला 'ताय' म्हणतात आणि छोट्या पेल्याला 'तायूत'. "चल, एक तायूत घेऊ" हे इथलं "चल, कटिंग मारू". हा आणि नाव बदलण्याचा संबंध नाही, शब्द आधीपासूनचा आहे. पण मराठी कानाला सगळ्या ताया एकाच घरातल्या वाटतात.

अर्धा_कप_चहा

माहितीपूर्ण. वाखु (वाचनखूण) साठवली.

दूनातीर

बुडापेस्टमध्ये सहा वर्षं काढली आहेत, तेव्हा तिकडची बाजू मांडतो.

तोकाय हे हंगेरियन माणसासाठी वाईनचं नाव नंतर, आधी गावाचं आणि डोंगराचं नाव आहे. १७३७ मध्ये राजाज्ञा काढून कुठल्या गावांची वाईन तोकाय म्हणायची ते ठरवून टाकलं होतं. फ्रान्समधल्या बोर्दोची प्रसिद्ध वर्गवारी १८५५ ची, म्हणजे हे जवळजवळ सव्वाशे वर्षं आधीचं काम. २००२ मध्ये तो सगळा प्रदेश युनेस्कोच्या यादीत गेला. आणि त्यांच्या राष्ट्रगीतात तोकायच्या वेलींचा उल्लेख आहे, देवाने त्यांवर अमृत शिंपडलं असा. राष्ट्रगीतात द्राक्षाची बाग असलेला दुसरा देश मला माहीत नाही.

साम्यवादी राजवटीत या वाईनची पार रया गेली होती. सरकारी कारखान्यात सगळी बाग एका पिंपात. १९८९ नंतर पुन्हा उभं राहायचं तर जवळ भांडवल काय होतं? नाव. आणि त्याच नावाची इटालियन बाटली, फ्रान्समधल्या अल्सासची बाटली, ऑस्ट्रेलियाची बाटली दुकानात उभी. त्यांनी नावासाठी हट्ट धरला यात नवल नाही.

आणि हे फक्त इटलीला भोगावं लागलं असं नाही. अल्सासमध्ये 'तोके पिनो ग्री' असायची, तिचं 'तोके' गेलं. ऑस्ट्रेलियात रुदरग्लेनला गोड 'टोके' करायचे, त्यांनी शेवटी 'टोपाक' असं नवंच नाव पाडलं. ते ऐकून मी दोन दिवस हसत होतो.

मूषकराज

पण चिमणीताई, इटलीतल्या द्राक्षाला हंगेरीतलं नाव पडलंच कसं? कुणीतरी आणलं असेल ना तिकडून?

कार्स्टवरची_चिमणी

@दूनातीर, राष्ट्रगीताचं ठाऊक नव्हतं, धन्यवाद.

@मूषकराज, त्यावर इथे एक लाडकी कथा आहे. गोरित्सियाच्या फोर्मेंतिनी घराण्यातली आउरोरा नावाची मुलगी १६३२ मध्ये हंगेरीच्या बाथ्यानी घराण्यात दिली आणि हुंड्यात तोकाईच्या तीनशे वेली दिल्या, असं सांगतात. म्हणजे वेल इकडून तिकडे गेला, नाव आमचं जुनं! ज्या कागदावर ही गोष्ट उभी आहे, त्याच्या खरेपणावर इतिहासकारांना शंका आहे. आजोबांना मुळीच नाही.

वेलीचं उत्तर मात्र जनुकीय तपासणीने दिलं आहे. हे द्राक्ष म्हणजे 'सोव्हिन्योनास', मूळचं फ्रान्समधलं, बोर्दोच्या आसपासचं. प्रसिद्ध सोव्हिन्यो ब्लाँशी नावाचं साम्य आहे, रक्ताचं नातं नाही. म्हणजे घडलं असं: वेल फ्रेंच, नाव हंगेरियन, जीव लावणारे फ्रिउलीचे. फ्रान्समध्ये आता या द्राक्षाला कुणी विचारत नाही.

बोटीवरचा_बंड्या

सोव्हिन्योनास!! थांबा थांबा. मर्चंट नेव्हीत असताना वाल्पारायसोला आमचा मुक्काम पडायचा. तिथे चिलीची सोव्हिन्यो ब्लाँ स्वस्तात मिळायची आणि एजंट म्हणायचा, ही खरी नव्हे. आम्हाला वाटायचं भेसळ असेल.

नंतर कळलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सहून चिलीत काड्या नेल्या, त्यात सोव्हिन्यो ब्लाँ समजून नेलेल्या बऱ्याच काड्या सोव्हिन्योनासच्या होत्या. लोक शंभरावर वर्षं तीच लावत राहिले आणि सोव्हिन्यो ब्लाँ म्हणून विकत राहिले. १९९० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांनी बागा फिरून पानं तपासली तेव्हा उलगडा झाला. त्याच सुमारास तिथली 'मेर्लो'सुद्धा बरीचशी कार्मेनेर निघाली.

म्हणजे हे एकच द्राक्ष इटलीत हंगेरियन नावाने आणि चिलीत फ्रेंच नावाने वावरत होतं. स्वतःच्या नावाने कुठेच नाही. बिचारं.

खवचट_खारीक

तीन देशांत तीन नावं. आमच्या गल्लीत अशा माणसाला फ्लॅट भाड्याने देत नाहीत.

वकिलीण_बाई

धंद्याचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर अशा धाग्यांवर मी नुसतीच वाचक असते.

हे प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि निकाल १२ मे २००५ ला लागला. इटलीकडचा मुद्दा दिसायला जोरदार होता. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात, ज्याला आपण ट्रिप्स म्हणतो, अशी तरतूद आहे की दोन ठिकाणांची नावं सारखी असली, तर दोघांनाही ती वापरता यावीत, फक्त गिऱ्हाईक फसू नये. इटलीवाले म्हणाले, आम्हाला हेच लागू करा.

न्यायालयाने म्हटलं, ही तरतूद दोन भौगोलिक नावांसाठी आहे. तोकाय हे ठिकाण आहे. तुमची तोकाई हे ठिकाण नाही, ते द्राक्षाच्या वाणाचं नाव आहे. फ्रिउलीत तोकाई नावाचं गाव दाखवा! ते नव्हतं. खेळ खलास.

दुसरा मुद्दा मालमत्तेचा होता: नाव काढून घेणं म्हणजे आमची मिळकत हिरावणं. त्यावर न्यायालयाचं म्हणणं असं, की वाईन विकायला तुम्हाला बंदी नाही, दुसऱ्या नावाने विका, शिवाय तेरा वर्षांची मुदत दिली होती. कायद्याच्या चौकटीत निकाल चूक म्हणता येत नाही. आजोबांच्या अंगठ्याला मात्र कुठल्याही कलमात जागा नाही, हे मान्य.

भारतीय वाचकांसाठी जाता जाता: ट्रिप्समध्ये वाईन आणि मद्यांच्या ठिकाणांना जे जास्तीचं कवच आहे, ते आंब्याला, तांदळाला नाही. वाईनच्या बाबतीत 'गिऱ्हाईक फसलं' हे सिद्धच करावं लागत नाही. बासमतीवाल्यांची कित्येक वर्षांची तक्रार हीच आहे.

रत्नांग्रीचा_बाबुल

आंबा म्हटल्यावर आमी येणारच. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तरी एप्रिलात वाशीच्या बाजारात जा आणि बघा. कर्नाटकचा आंबा, पेटी देवगडची, खाली रद्दी पेपर मराठी. रद्दीवरून गिऱ्हाईक ओळखतं म्हणे! म्हणून रद्दीसुद्धा इथून नेतात.

माझं मत हंगेरीला. नाव मातीचं असतं. कलम काय, कुठेही लागतं.

खवचट_खारीक

@बाबुल, मत मान्य. पण हापूस हे नाव आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरावरून आलं असं सांगतात. उद्या लिस्बनने नोटीस पाठवली तर?

रत्नांग्रीचा_बाबुल

पाठवूदे. पेटीबरोबर उत्तर पाठवू.

पणजीकर_पात्राव

लिस्बनचा विषय काढलात म्हणून. आमच्या गोव्यात लग्नात, नाताळात, आजीच्या कपाटात जी गोड लाल वाईन असते ती 'पोर्ट'. पोर्ट म्हणजे खरं तर पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, पोर्तू बंदरातून जाणारी, ब्रँडी घालून आंबवण मध्येच थांबवलेली वाईन. आमची त्यातली काही नव्हे, तरी बाटलीवर पोर्टच. आमच्या आवयला जाऊन सांगा की ही पोर्ट नव्हे, ती तुम्हाला जेवण घालणार नाही.

आणि गंमत बघा. काजूच्या फेणीला आम्हीच २००९ मध्ये जीआय घेतलं. दुसऱ्या कुणी फेणी म्हटलं तर आम्ही चवताळणार.

खवचट_खारीक

म्हणजे देवगडात आपण हंगेरियन आणि पणजीत आपण फ्रिउलीवाले. सोय आहे.

विचारी_वांगं

या संस्थळावर दारूचे धागे फार वाढलेत. तरुण मुलं वाचतात इथे. द्राक्षाचा मनुका होतो, त्यावर लिहा की.

मूषकराज

@विचारी_वांगं, पहिल्या परिच्छेदात मागे वळायची सोय ठेवली होती.

निफाडचा_नाना

मनुक्याचं नंतर बघू. मी द्राक्षवाला माणूस. चार एकर थॉम्पसन आणि दीड एकर वाईनची सोव्हिन्यो ब्लाँ, करारावर. बंड्याभाऊंनी चिलीचं लिहिलं ते वाचून रात्री बॅटरी घेऊन बागेत जाऊन पानं बघून आलो. मंडळी हसली.

चिमणीताई, नावाचं तुम्ही शिकलेली माणसं बघा. मला शेतीचं सांगा. तिकडे पाऊस किती? भुरी, डावणी हे रोग येतात का? छाटणी किती वेळा? मांडव की तार? मुळं कशावर?

वाणाच्या नावाचं एक मी सांगतो. सोलापूरकडे नान्नजला नानासाहेब काळे होऊन गेले. निवड करत करत त्यांनी वाण काढला, सोनाका. सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज, का म्हणजे काळे. जिल्हा, गाव आणि माणूस तीन अक्षरांत. याला म्हणतात नाव ठेवणं. कुठलं कोर्ट काढून घेईल?

कार्स्टवरची_चिमणी

नाना, तुमचे प्रश्न घेऊन मी काल मुद्दाम परत कोर्मोन्सला जाऊन आले. आजोबांना सांगितलं, भारतातल्या एका द्राक्षवाल्याने विचारलंय. त्यांनी पाटीवरचे हिशेब सोडून दिले आणि मला थेट बागेत नेलं. ऐका तर.

पाऊस भरपूर. उत्तरेला आल्प्स आणि दक्षिणेला समुद्र, मध्ये हा पट्टा, त्यामुळे इटलीतल्या सर्वांत ओल्या भागांपैकी हा एक. भुरी आणि डावणी दोन्ही येतात आणि या वाणावर जरा लाडानेच येतात. गंधक आणि मोरचूद हीच त्यांची जुनी औषधं. वारा मात्र मदतीला धावतो. ईशान्येकडून येणारा बोरा वारा त्रिएस्तेत माणसं पाडतो, बागेत पानं वाळवतो.

छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. तुमच्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांगितली तर विश्वासच ठेवेनात. तुमच्याकडे थंडीत वेल झोपतच नाही, पेस्ट लावून डोळे फोडावे लागतात, हे ऐकून म्हणाले, "मग तो बिचारा विश्रांती कधी घेतो?" मी म्हटलं, नानांना विचारून सांगते.

मांडव नाही, तार. एक लांब काडी ठेवून ती तारेला आडवी बांधतात. जमीन टेकड्यांची, मार्ल (चुनखडीयुक्त चिकणमातीचा खडक) आणि वालुकाश्माच्या थरांची, इथे तिला 'पोन्का' म्हणतात. पूर्वी समुद्राचा तळ होता. हातात घेतलेला दगड करकरीत वाटतो आणि एका पावसाळ्यात त्याच्या पापुद्र्यांचा भुगा होतो. तुमच्या भाषेत मुरुमाचा चुलता. तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर.

मुळं अमेरिकन खुंटावर, फिलोक्सेराच्या किडीनंतर जवळजवळ सगळ्या युरोपात तसंच. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: याच प्रांतात राउशेदो नावाचं गाव आहे. तिथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची द्राक्षकलमांची रोपवाटिका आहे, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक.

एक अडचण आजोबांनी आपण होऊन सांगितली. या द्राक्षाचा रस हवेने पटकन काळवंडतो. त्यांच्या लहानपणी वाईन उन्हाळ्यापर्यंत तपकिरी व्हायची आणि तशीच प्यायची. १९६० च्या दशकात काप्रिव्हाच्या मारियो स्किओपेत्तोने थंड तापमानात, स्वच्छ टाक्यांत पांढरी वाईन करायचं तंत्र इकडे रुजवलं, तेव्हा कुठे आज आपण पितो ती ताजी चव आली. म्हणजे 'परंपरेची' चव साठेक वर्षांचीच, हे मी मनात म्हटलं, त्यांना म्हटलं नाही.

निफाडचा_नाना

वेल विश्रांती घेत नाही, मालकही घेत नाही. सांगा त्यांना.

दूनातीर

धागा रंगलाय. पण चिमणीताई, एक प्रश्न. इटलीवाले गरीब बिचारे असं चित्र उभं राहतंय. मग प्रोसेकोचं काय?

कार्स्टवरची_चिमणी

मला वाटलंच होतं हे कुणीतरी काढणार. बरं झालं तुम्ही काढलंत.

प्रोसेको ही फेसाळ वाईन आता सगळ्या जगात जाते. २००९ पर्यंत प्रोसेको हे द्राक्षाचं नाव होतं, अगदी तोकाईसारखं. म्हणजे ऑस्ट्रेलियात कुणी ते द्राक्ष लावलं आणि बाटलीवर प्रोसेको लिहिलं तर त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. वकिलीणबाईंनी सांगितलेला धडा आठवा: वाणाला कवच नाही, ठिकाणाला आहे. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी तो धडा इटलीने स्वतःच्या पैशाने घेतला होता.

मग त्यांनी काय करावं? द्राक्षाचं नाव बदलून 'ग्लेरा' केलं आणि प्रोसेको हे ठिकाण म्हणून नोंदवलं. पण ठिकाण कुठलं? बहुतेक सगळ्या बागा व्हेनेतोत, तिथे त्या नावाचं गाव नाही. गाव आहे इकडे, आमच्या त्रिएस्तेच्या वरच्या पठारावर. चर्च, बस थांबा आणि समुद्राकडे बघणारी चार घरं. मी दर गुरुवारी त्या गावातून जाते, बसमध्ये अर्धी माणसं स्लोव्हेनियन बोलतात. त्या एका गावाला कवेत घेता यावं म्हणून प्रोसेकोची हद्द व्हेनेतोतून थेट फ्रिउलीभर, एकूण नऊ जिल्ह्यांवर ताणली. तोकाईच्या वेळी 'गाव दाखवा' म्हटलं होतं ना? घ्या गाव.

पुढे २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात आला. तिथल्या दाल्मात्सिया भागात वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाईन करतात, तिचं नाव प्रोशेक. त्यांना सांगितलं, नाव प्रोसेकोसारखं वाटतं, वापरू नका. एक गोड, एक फेसाळ. गिऱ्हाईक फसेल कसं? क्रोएशियाचं म्हणणं शब्दशः तेच, जे फ्रिउलीवाले हंगेरीला सांगत होते. २०२१ मध्ये तो वाद पुन्हा उकरला गेला तेव्हा सर्वांत मोठ्याने विरोध कुणी केला असेल? इटलीने.

मी हे आजोबांना विचारलं. म्हणाले, "ते व्हेनेतोवाल्यांनी केलं." हद्दीत त्यांची स्वतःची बाग येते, हे ते विसरले. खालच्या सपाट तुकड्यावरची तोकाई उपटून त्यांच्या मुलाने ग्लेरा लावलंय, भाव चांगला येतो म्हणून. वरच्या टेकडीवरची तेवढी जुनी बाग राहिली आहे.

म्हणून दूनातीर, माझं सुरुवातीचं 'दोघांचंही पटतं' मी थोडं मागे घेते. हंगेरीने नाव परत मागितलं ते ठीकच. मला खटकतं ते एवढंच की नाव ज्यांच्या तोंडी होतं त्यांना विचारायची सोय कुठल्याच करारात नाही. फ्रिउलीवाल्यांना नव्हती, दाल्मात्सियावाल्यांना नव्हती. आणि एकदा जिंकायची युक्ती कळली की कुणालाच ती सोय नको असते.

वकिलीण_बाई

शेवटच्या परिच्छेदाशी अर्धी सहमत. तोंडी असलेल्या नावाला कवच द्यायचं म्हटलं तर बाबुलच्या पेटीत कर्नाटकवालाही म्हणेल, आमच्या तोंडी हापूसच आहे. आणि ते खोटं नसेल. रेषा कुठेतरी मारावी लागते, ठिकाणावर मारली तर निदान नकाशात दिसते.

पणजीकर_पात्राव

बाय, रेषा नकाशात दिसते हे गोरित्सियावाल्यांना सांगू नका. १९४७ मध्ये त्यांच्या शहराच्या कडेने रेषा गेली आणि पलीकडे दुसरं गोरित्सिया वसवावं लागलं.

कार्स्टवरची_चिमणी

@पात्राव, अगदी. त्या रेषेमुळे तोकाईचं आणखी एक नाव निघालंय. सीमेच्या दोन्ही बाजूंना स्लोव्हेनियन बोलणारे बागाईतदार आहेत, त्यांनाही बंदी लागू झाली. त्यांनी काय केलं? रोमन लिपीतला तोकाय हा शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटा लिहिला: याकोत. ओस्लाव्याच्या रादिकोन घराण्याची याकोत प्रसिद्ध आहे, द्राक्षाच्या सालींसकट मुरवलेली, रंगाने जवळजवळ नारिंगी. कायद्याने चोख, आणि वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

खवचट_खारीक

उद्यापासून माझा आयडी करीखा टचवख.

अर्धा_कप_चहा

सप्टेंबरात व्हेनिसला जातोय, दोन दिवस मोकळे आहेत. तिकडे यायचं तर कसं? आणि दुकानात काय मागायचं? मला गाढवासारखं 'ताई द्या' म्हणायचं नाही.

कार्स्टवरची_चिमणी

व्हेनिसहून त्रिएस्तेची गाडी पकडा, दोन तासांच्या आसपास. कोर्मोन्सला जायचं तर उदीनेमार्गे जाणारी गाडी घ्या, स्टेशन गावातच आहे. उतरल्यावर बारमध्ये सरळ "उन ताय दि ब्लांक" म्हणा, पांढरीचा एक पेला. द्राक्षाचं नाव घ्यायची गरजच नाही, समोरचा काय ओतायचं ते जाणतो. सप्टेंबरात तोडणी असते, त्यामुळे फ्रास्का बंदही असू शकेल; फांदी हिरवी आहे का बघा, सुकलेली असेल तर पुढे जा. फ्रिको आधी सांगून ठेवा, वेळ लागतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने प्यायची नाही, इथले पोलीस आजोबांसारखे प्रेमळ नाहीत.

नाना, एक राहिलं. आजोबांची जुनी टाकी पाहिली. मुलाने सगळ्या टाक्यांना छापील चिठ्ठ्या लावल्यात, फ्रिउलानो, साल, लिटर. त्या एका टाकीवर चिठ्ठीच्या वर खडूने नुसता 'तो' लिहिलाय. म्हणाले, टाकी धुतली की पुसतो, मग मी परत लिहितो.

निफाडचा_नाना

ताई, छाटणीच्या वेळी आजोबांकडून दोन काड्या मिळतील का? ओल्या फडक्यात गुंडाळून सुटकेसमध्ये टाकल्या तर टिकतात. डॉगरिज खुंटावर डोळा भरून बघू, निफाडात काय म्हणते तुमची तोकाई.

वकिलीण_बाई

नाना!! परवाना आणि विलगीकरणाशिवाय परदेशातून काडी आणणं गुन्हा आहे. आणि हे तुम्ही जाहीर धाग्यावर लिहिलंय.

निफाडचा_नाना

संपादक, वरचा माझा प्रतिसाद उडवता येईल का?

खवचट_खारीक

उशीर झाला. वाखु साठवली.